हेड गॅस्केटची जाडी (मापन)

हेड गॅस्केटची जाडी : बोल्ट ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळल्यावर ब्लॉक व सिलिंडर हेड यांच्यामध्ये उरणारी गॅस्केटची जाडी. बोलीत गॅस्केटला सर्रास 'पॅकिंग' म्हणतात. बेळगाव सीमाभागात दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या (व्हिंटेज) इंजिनाचे हेड फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करायला, देण्यापूर्वी ही जाडी मोजावी लागते, कारण दहन कक्षाचे आकारमान हेडमधील पोकळी आणि गॅस्केट या दोहोंनी मिळून ठरते.

बेळगाव सीमाभागातील यंत्रकामाचा आरंभ लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगावातील सायकल दुकानाशी (१८८८) जोडण्याचा प्रघात आहे. तो उद्योग १९१० मध्ये औंध संस्थानात, आजच्या किर्लोस्करवाडीला गेला. त्यामुळे आजच्या कारागिरीचा धागा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री व मशिनशॉपशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. 'व्हिंटेज' ही संज्ञाही संदिग्ध आहे. ब्रिटिश संकेतानुसार ती साधारण १९१९ ते १९३० मधील मोटारींना लागू होते, तर भारतातील २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या वाहनांना व्हिंटेज मानले. येथे दुसरा अर्थ घेतला आहे.

कोणती जाडी खरी मानावी, याबद्दल मतभेद आहेत. नवे तांबे-ॲस्बेस्टस गॅस्केट आवळल्यावर दबते, म्हणून डब्यातून काढून घेतलेले माप फसवे ठरते. उतरवलेल्या गॅस्केटचे माप त्याहून बरे. मात्र सिलिंडरभोवतालच्या धातूच्या कड्यावर, विशेषतः दोन सिलिंडरांमधल्या अरुंद पट्टीवर, मायक्रोमीटर टेकवून ते चार-पाच ठिकाणी घ्यावे. व्हर्निअरचे दोन जबडे काठावर तिरके बसतात, त्यामुळे त्यावर विसंबू नये. सर्वांत भरवशाची रीत शिशाच्या तारेची. वर-खाली सपाट धातू असलेल्या, गॅस्केटच्या भोकात तारेचा तुकडा ठेवून हेड पूर्ण टॉर्कने आवळतात आणि पुन्हा उघडून चपटी झालेली तार मोजतात. शिसे उसळी घेत नाही, दाबलेले माप तसेच राहते. हिला वेळ लागतो, पण प्रस्तुत नोंदीचा कल हिच्याकडेच आहे. जुने ॲस्बेस्टस गॅस्केट कोरडे खरवडू नये. धूळ फुफ्फुसाला घातक असते.

१४८९ घ. सेंमी.च्या ॲम्बॅसडर इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७३.०२५ मिमी. व स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९ मिमी. आहे. एका सिलिंडरच्या काटछेदाचे क्षेत्रफळ सुमारे ४१.९ चौ. सेंमी. भरते, म्हणजे जाडीत ०.१ मिमी. फरक पडला की सुमारे ०.४२ घ. सेंमी. फरक पडतो. संपीडन गुणोत्तर (सिलिंडरमधील मिश्रण किती पट दाबले जाते ते) ७.२ धरल्यास दहन कक्ष सुमारे ६० घ. सेंमी. येतो. १.२ मिमी.च्या जागी ०.८ मिमी. गॅस्केट बसले, तर हेडला हात न लावताच गुणोत्तर ७.४ च्या आसपास जाते. त्यावर फेसिंगची घट चढली की पेट्रोल इंजिन चढावर ठोके देऊ लागते.

हेड उघडताच जाड किंवा दुहेरी गॅस्केट दिसले, तर ते हेड पूर्वीच घासलेले असण्याची शक्यता मोठी. आधीच्या कारागिराने तूट भरून काढलेली असते. ही खूण टाकून देण्याआधी वाचली पाहिजे. साइड-व्हॉल्व्ह (ब्लॉकमध्ये व्हॉल्व्ह असलेल्या) इंजिनात फेसिंगने व्हॉल्व्ह व हेड यांमधील अंतर कमी होते, ओव्हरहेड व्हॉल्व्हमध्ये (हेडमध्ये व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनात) पुशरॉडची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्यासाठी खालून ढकलणाऱ्या दांड्याची, लांबी जास्त ठरते.

गुऱ्हाळावरील व विहिरीवरील सपाट हेडच्या डिझेल इंजिनांत दहन कक्ष पिस्टनच्या माथ्यावर असतो. तेथे फेसिंगने कक्षाचे आकारमान बदलत नाही, पण व्हॉल्व्ह व इंधन फवारणारे नोझल पिस्टनकडे सरकतात. पिस्टन व हेड यांमधील 'बंपिंग क्लिअरन्स' गॅस्केटच्या जाडीवरही अवलंबून असते. ते पिस्टनवर शिशाची तार ठेवून तपासतात.