पर्सेंटाइल, टक्के आणि २०१२ चं भांडण

जेईई, म्हणजे आयआयटी-अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा, तिचा निकाल लागला की नातेवाइकांच्या ग्रुपवर अभिनंदन पडतं: ‘पंच्याण्णव टक्के! वा!’ मुलाला मिळालेले असतात पंच्याण्णव पर्सेंटाइल, म्हणजे बसलेल्या दर शंभरातले पंच्याण्णव त्याच्या मागे. १० लाख मुलं बसली असतील तर त्याच्या पुढे ५० हजारजण उभे आहेत, आणि आयआयटीच्या सगळ्या जागा मिळून आज १८ हजारांच्या आतबाहेर. हे काकांना कोण सांगणार?

पर्सेंटाइल हा शब्द प्रवेशाच्या भानगडीत घट्ट बसला तो २०१२ मध्ये. त्याआधी २००६ पासून एकच वस्तुनिष्ठ परीक्षा होती, बारावीला ६० टक्के पुरत, आणि दोनदाच बसता येई. त्यामुळे अकरावी-बारावी नावापुरती कॉलेजात आणि खरी क्लासमध्ये, कोटा असो की दादर. क्लासची पकड सैल करायची म्हणून केंद्राने बारावीच्या गुणांना वजन द्यायचं ठरवलं. आयआयटींत खळबळ उडाली. आयआयटी कानपूरच्या सिनेटने, म्हणजे प्राध्यापकांच्या सभेने, तर आपली वेगळी परीक्षा घेण्याचं जाहीर करून टाकलं.

मग तडजोड झाली. २०१३ पासून मेन आणि अॅडव्हान्स्ड असे दोन टप्पे आले. आयआयटीची रँक फक्त अॅडव्हान्स्डवर. बारावीचं काम चाळणीपुरतं. पण चाळणी कशी लावायची? एका बोर्डाचे ८० म्हणजे दुसऱ्याचे ८० नव्हेत. म्हणून ‘टॉप २० पर्सेंटाइल’: आपापल्या बोर्डातून, आपल्या प्रवर्गात उत्तीर्ण झालेल्यांच्या वरच्या पाचव्या हिश्शात असायला हवं. शब्दच उलटा. विसावा पर्सेंटाइल खरं तर तळाशी असतो. म्हणायचं होतं ऐंशीच्या वरचे. अनेक पालकांनी त्याचा अर्थ ‘२० टक्के गुण’ असा लावला, आणि मला त्यांची चूक वाटत नाही.

शिवाय एका भाषेचे गुणही बेरजेत धरले जात. क्लासच्या वेळापत्रकात भाषा नसते. पहिल्याच वर्षी अॅडव्हान्स्ड पार केलेली काही मुलं या अटीवर अडकली. मग बारावीला ७५ टक्क्यांचा पर्याय आला; कोविडच्या वर्षांत अट शिथिल झाली, २०२३ ला परतली.

महाराष्ट्राने २०१४ आणि २०१५ ला अभियांत्रिकीचे प्रवेश निम्मे मेनवर, निम्मे बारावीवर दिले आणि २०१६ ला पुन्हा आपली राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी, गाठली. क्लासचं मात्र काही बिघडलं नाही. त्यांनी बारावीची बॅच जोडली, कॉलेजशी टाय-अप केला आणि त्याला ‘इंटिग्रेटेड’ म्हटलं. २०१८ मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या हजेरीला बायोमेट्रिक सक्तीचं केलं. टाय-अपवाल्या कॉलेजात सकाळी अंगठा लावायचा आणि मागच्या जिन्याने वरच्या मजल्यावर, क्लासला.