स्कोपचं वय भिंगातल्या दिव्यावरून कसं ओळखायचं

जुनी पॉइंट टू-टू (०.२२ इंची बारीक गोळीची) रायफल हातात आली की लोक आधी रायफलीचं साल शोधतात आणि मग तेच साल वरच्या स्कोपला, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीला, पण चिकटवून टाकतात. हा मोठा गैरसमज आहे. स्कोप चार स्क्रू सैल केले की निघतो, दुसरा बसतो, आणि एवढ्या वर्षांत कुणी कधी बदलला ते रायफल बघून कळत नाही. त्यात अमेरिकेत १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टच्या आधीच्या कितीतरी स्वस्त रिमफायर (पॉइंट टू-टू सारख्या, ज्यांत काडतुसाच्या कडेवर आघात होऊन गोळी सुटते अशा) रायफलींवर सिरीयल नंबरच नसतो, म्हणजे जिथे रायफलीचंच साल धड कळत नाही तिथे तिच्यावरून स्कोपचं काय सांगणार? स्कोपचं वय स्कोपवरूनच काढायचं. फक्त आधी बोल्ट (मागचा सरकता दांडा) उघडून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे हे स्वतः बघा.

पहिल्यांदा नळीचा व्यास मोजा. नंतरच्या काळात १ इंच (२५.४ मिमी) नळी सर्रास झाली, पण जुन्या रिमफायर स्कोपची बहुतेक पाऊण इंच म्हणजे १९ मिमी, काहींची २२ मिमी असते. पॉइंट टू-टू काडतुसाचा धक्का अगदी कमी, त्यामुळे बारीक नळी आणि हलकं माउंट (स्कोप रायफलीला धरून ठेवणारी पकड) चालून जातं. मग नळीवरची अक्षरं वाचा. स्कोप बनवणारी अमेरिकन वीव्हर कंपनी १९३० मध्ये सुरू झाली आणि १९३३ मध्ये टेक्ससमधल्या एल पासोला गेली, म्हणून 'एल पासो' कोरलेला स्कोप त्याआधीचा असू शकत नाही. वीव्हरचं नाव दिसलं की विकणारे लगेच 'दुसऱ्या महायुद्धातला स्नायपर स्कोप' म्हणून भाव चढवतात. अमेरिकन सैन्याने वीव्हर ३३० वापरला हे खरं, पण त्याला एम७३बी१ असं सैनिकी नाव होतं. तो शिक्का नसेल तर अशा गोष्टीला पैसे मोजू नका.

आता माझ्या सगळ्यात आवडीची खूण. खोलीतला दिवा पुढच्या भिंगात बघा, भिंग जरा तिरकं धरा, आत दिव्याची एकामागे एक बारीक प्रतिबिंबं दिसतील. सगळी पांढरी असतील तर काचेवर लेप नाही. निळसर-जांभळी असतील तर एक थराचा लेप आहे. हिरवी किंवा वेगवेगळ्या रंगांची असतील तर बहुधा अनेक थरांचा, म्हणजे बराच अलीकडचा.

हे रंग येतात कुठून? साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये असे साधारण १० पृष्ठभाग धरले तर डोळ्यापर्यंत जेमतेम ६६ टक्के पोचतो, बाकीचा आतल्या आत भटकून चित्र धुरकट करतो. १९३५ मध्ये भिंगं बनवणाऱ्या जर्मन झाइस कंपनीत अलेक्झांडर स्मकुला यांनी यावर उपाय काढला, काचेवर अतिशय पातळ पारदर्शक थर चढवायचा. मॅग्नेशियम फ्लोराइडचा हा थर जवळपास १०० नॅनोमीटर असतो, म्हणजे त्या थराच्या आत हिरव्या प्रकाशाची जी तरंगलांबी असते तिच्या बरोबर पाव. आता एक लाट थराच्या वरूनच परतते, दुसरी आत जाऊन काचेवर आपटून परतते, तिला जाऊन-येऊन अर्धी तरंगलांबी जास्त चालावं लागतं, त्यामुळे एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि दोघी एकमेकींना मारतात. पूर्ण नाही मारत, कारण त्यासाठी थराचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती मंदावतो याचं माप) १.२३ च्या आसपास हवा आणि मॅग्नेशियम फ्लोराइडचा आहे १.३८, म्हणून सव्वा टक्क्याच्या आसपास परावर्तन उरतंच. तरी त्याच १० पृष्ठभागांतून आता ८८ टक्के प्रकाश पोचतो! आणि थर हिरव्यासाठी बेतलेला असल्याने लाल आणि निळा तेवढे मरत नाहीत, ते दोन मिसळून जो रंग उरतो तोच हा जांभळा.

नागरी वापराच्या स्कोपांवर हा लेप महायुद्धानंतर पसरला, म्हणून जांभळी झाक दिसली तर स्कोप युद्धानंतरचा धरायला हरकत नाही. उलटं मात्र खरं नाही, स्वस्त स्कोप नंतरही बिनलेपाचे निघत होते. तिथे क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायची आतली फुली, बघा. जुन्या रचनेत नेम जुळवायचा नॉब फिरवला की क्रॉसहेअरच सरकते आणि गोल चित्रात एका बाजूला गेलेली दिसते, नंतरच्या स्कोपांत ती कायम मधोमध राहते.

एका गोष्टीने फसायला होतं. फार जुनी बिनलेपाची काच हवेने झिजून तिच्यावर आपोआप निळसर थर धरतो. भिंगांचे इंग्रज रचनाकार डेनिस टेलर यांनी १८९० च्या दशकात बघितलं की अशी डागाळलेली भिंगं नव्यापेक्षा जास्त प्रकाश आत सोडतात. ओळखायची खूण म्हणजे हा थर ठिगळाठिगळाने असतो, कडेला एक रंग, मध्ये दुसरा, आणि कारखान्यातला लेप काठापर्यंत एकसारखा. दोन्हीपैकी काहीही असलं तरी रुमालाने घासू नका, सुरुवातीचे लेप मऊ होते आणि ते पुसले गेले की सालाचा तो पुरावाही गेला.