कपाळावरचं ओझं

नाशिकच्या बाजार समितीत पहाटे गेलात, तर पाठीवर पन्नास किलोची गोणी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारे माथाडी दिसतात. आमच्या आळीतल्या एका काकांनी तीस वर्षं हेच काम केलं. उतारवयात त्यांना मान वळवून मागे बघता येत नसे, अख्खं अंग वळवावं लागे. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर, लुक्ला या गावाच्या थोडं पुढे, मला पहिला भरिया भेटला तेव्हा आधी काकांची मानच आठवली.

भरिया म्हणजे नेपाळी हमाल. त्याच्या पाठीवर बांबूची निमुळती टोपली असते, तिला डोको म्हणतात. टोपलीखालून आलेला पट्टा कपाळाच्या जरा वर, टाळूकडे टेकलेला असतो, तो नाम्लो. ओझ्याचा बराच भार खांद्यांवर न येता डोक्यावरून मानेच्या मणक्यांत उतरतो. हातात इंग्रजी ‘टी’च्या आकाराची आखूड काठी, तोक्मा. दम लागला की ती टोपलीखाली टेकवायची आणि उभ्याउभ्याच ओझं तिच्यावर सोडायचं. जमिनीवर ठेवलेलं ओझं पुन्हा उचलण्यात फार ताकद जाते, म्हणून ही युक्ती.

या लोकांचा शास्त्रज्ञांनी नीट अभ्यास केला आहे. २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या पाहणीत नामचे बाजार या डोंगरातल्या गावाला माल घेऊन निघालेल्या भरियांची आणि त्यांच्या ओझ्यांची वजनं केली होती. पुरुषांच्या पाठीवर सरासरी त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं होतं, बायकांच्या पाठीवर ६६ टक्के. दर पाच पुरुषांमागे एकाचं ओझं तर त्याच्या वजनाच्या सव्वापटीहून जास्त होतं. वाट सुमारे शंभर किलोमीटरची, सात ते नऊ दिवसांची, सतत चढउताराची. श्वासातला ऑक्सिजन मोजल्यावर कळलं, की तेवढंच ओझं ते इतरांपेक्षा कमी ऊर्जेत नेतात. तीव्र चढावर तर काही पावलं चालायची आणि त्याहून जास्त वेळ थांबायचं, असा त्यांचा ठेका असतो. चालण्याच्या पद्धतीत काही खास लकब आहे का, हेही पुढे तपासलं गेलं. २०१६च्या अभ्यासात तशी लकब सापडली नाही.

‘त्यांना सवय असते’ हे वाक्य आमच्या गटातही त्या वाटेवर दोन-तीनदा ऐकू आलं. मला ते घातक वाटतं. ओझं कमी ऊर्जेत नेता येणं वेगळं आणि उंचीचा त्रास न होणं वेगळं.

हवेचा दाब नाशिकला समुद्रसपाटीच्या जेमतेम सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर तो सुमारे ८२ टक्के उरतो, ३४४० मीटरवरच्या नामचेला साधारण दोन तृतीयांश आणि ५३६४ मीटरवरच्या बेस कॅम्पला जवळपास निम्मा. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दीड हजार मीटरच्या वर दर हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्क्यांनी घटत जाते. ओझं मात्र तेवढंच राहतं. खाली जे वजन निम्म्या ताकदीत पेललं जायचं, त्याला बेस कॅम्पच्या उंचीवर सुमारे ऐंशी टक्के ताकद लागते.

शेर्पांना निसर्गाची थोडी साथ आहे. तिबेटी आणि शेर्पा लोकांत ईपीएएस-वन या जनुकाचं एक रूप आढळतं. त्यामुळे उंचीवर त्यांचं रक्त फाजील घट्ट होत नाही. हे रूप डेनिसोव्हन या लुप्त मानवगटाकडून आलं, असं २०१४ साली दिसून आलं. पण ट्रेकर्सच्या बॅगा वाहणारे सगळे काही शेर्पा नसतात. त्यांत खालच्या टेकड्यांवरचे राई, तामांग, मगर या जमातींचे लोक पुष्कळ असतात. उंची त्यांनाही आपल्यासारखीच बाधते.

ती बाधते कशी? ऑक्सिजन कमी पडला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, पण सगळीकडे सारख्या नाही. कुठे दाब फार वाढतो आणि पाणी पाझरून फुफ्फुसात साचू लागतं. श्रम वाढले की दाब आणखी चढतो. सुरुवातीला कोरडा खोकला आणि नेहमीपेक्षा जास्त धाप, मग बसल्या जागीही श्वास पुरत नाही. खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरवणं. रोजावर आलेला माणूस मात्र खोकला लपवतो, कारण आजारी म्हटलं की मजुरी बुडते. पूर्वी अशा आजारी भरियाला हिशेब करून एकटंच खाली धाडलं जाई. त्यात माणसं दगावली. अशाच एका तरुणाच्या मृत्यूनंतर १९९७ साली भरियांच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय गट उभा राहिला.

बेस कॅम्पच्या वरचं गणित आणखी कठोर आहे. खुंबू हिमप्रपातातून, म्हणजे हिमनदीच्या भेगाळलेल्या, कोसळत्या उतारावरून, गिर्यारोहक मोजक्या वेळा जातो. दोर, शिड्या, तंबू, ऑक्सिजनच्या नळकांड्या पोचवणारे कामगार एका मोसमात कितीतरी जास्त फेऱ्या मारतात. बर्फाचा कडा कधी कोसळेल हे सांगता येत नाही, त्यामुळे जितक्या फेऱ्या तितका धोका. तिबेटच्या बाजूने गेलेल्या १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत हिमस्खलनात सात हमाल गेले. १८ एप्रिल २०१४ला खुंबू हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार गेले. सरकारने त्यांच्या घरच्यांना सुरुवातीला चाळीस हजार नेपाळी रुपये देऊ केले, तेव्हा शेर्पांनी काम थांबवलं आणि नेपाळच्या बाजूचा तो मोसम जवळजवळ बंद पडला. २०२४ साली तिथे ड्रोनने एका खेपेला पंधरा किलो सामान बेस कॅम्पवरून पहिल्या कॅम्पवर नेऊन दाखवलं. माणसाला त्या टप्प्याला सहा-सात तास लागतात.

आपल्याकडे माथाडी कायदा १९६९ साली आला, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून. नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी, भरपाई या गोष्टी हमालाच्या हक्काच्या झाल्या. नेपाळच्या ट्रेकिंग व्यवसायात एका भरियामागे तीस किलोची मर्यादा मानली जाते, पण वाटेवर वजनकाटा घेऊन कोण उभं असतं?

म्हणून यंदा निघण्याआधी आम्ही सगळ्या बॅगा पंचवटीतल्या एका किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवल्या. दोघांच्या बॅगा एकच भरिया नेतो. माझी भरली साडेसतरा किलो, मित्राची सोळा. चिवड्याचे डबे, जीन्स, जादा बूट असं काढत काढत दोन्ही मिळून बावीसवर आणल्या, कारण त्याचं स्वतःचं अंथरूण आणि गरम कपडे त्यावरच बांधले जाणार होते.