रक्ताच्या कर्करोगावरील मूलपेशी प्रत्यारोपण

रक्ताच्या कर्करोगात रुग्णाची बिघडलेली अस्थिमज्जा औषधांनी किंवा किरणांनी मोडून काढायची आणि तिच्या जागी निरोगी रक्तमूलपेशी, म्हणजे ज्यांपासून सगळ्या रक्तपेशी तयार होतात त्या पेशी, वसवायच्या, या उपचाराला रक्तमूलपेशी प्रत्यारोपण म्हणतात. रुग्णालयात आणि घरोघरी ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांट’ किंवा नुसते ‘बीएमटी’ हेच नाव चालते. हल्ली या पेशी बऱ्याचदा मज्जेऐवजी दात्याच्या वाहत्या रक्तातून गोळा करतात, तरी जुने नाव टिकून आहे.

नाव ऐकून अनेकांच्या डोळ्यांपुढे ऑपरेशन थिएटर येते. रुग्णाच्या बाबतीत तसे काही घडत नाही. मज्जाच काढायची असेल तर भूल देऊन सुया टोचल्या जातात त्या दात्याच्या कमरेच्या हाडात. रुग्णाला मिळते ती रक्ताच्या पिशवीसारखीच एक पिशवी, छातीजवळच्या मोठ्या शिरेतील नळीतून थेंबथेंब सोडलेली. पेशी गोठवून ठेवलेल्या असतील तर त्यांतील रसायनामुळे खोलीत लसणासारखा उग्र वास दरवळतो. हा दिवस म्हणजे ‘डे झिरो’. पुढचे सगळे दिवस त्याच्यापासून मोजायचे. शिरेत सोडलेल्या मूलपेशी रक्तातून फिरत आपली वाट आपणच काढतात आणि हाडांच्या पोकळीत जाऊन बसतात. त्या रुजेपर्यंतचे दोन-तीन आठवडे रुग्णाकडे स्वतःच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. नातेवाईक रोज सकाळी एकच प्रश्न विचारतात, ‘काउंट वाढले का?’ एक मायक्रोलिटर रक्तात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिली, की मज्जा रुजली असे मानतात.

या संशोधनाचे मूळ अणुबाँबच्या काळात आहे. तीव्र किरणोत्साराने माणूस दगावतो त्याचे एक मोठे कारण मज्जा जळून जाणे हे आहे, हे हिरोशिमा-नागासाकीनंतर ठळकपणे पुढे आले. १९४९ मध्ये शिकागोच्या लिऑन जेकबसन यांनी उंदरांच्या प्लीहेवर (उंदरांत तिथेही रक्तपेशी तयार होतात) शिशाचे आवरण घालून बाकी शरीरावर एरवी मारक ठरणारा किरणांचा मारा केला, आणि उंदीर वाचले. १९५१ मध्ये एगॉन लॉरेन्झ यांच्या गटाने नुसती मज्जा टोचूनही प्राण्यांना वाचवून दाखवले. वाचवणारी वस्तू एखादे द्रव्य आहे की जिवंत पेशी, यावर काही वर्षे वाद चालला. वाचलेल्या उंदरांच्या मज्जेत दात्याची गुणसूत्रे सापडली तेव्हा, १९५६ मध्ये, तो मिटला. पुढे १९६१ मध्ये टोरंटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांना अशा उंदरांच्या प्लीहेवर बारीक गाठी दिसल्या. एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असते, हे त्यांच्या गटाने लवकरच सिद्ध केले. मूलपेशी ही कल्पना मोजता येण्याजोगी झाली ती इथे.

माणसावरचे काम एडवर्ड डोनल थॉमस यांच्या नावाशी जोडलेले आहे. १९५७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या छोट्या गावातून सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. दुसऱ्याची मज्जा शिरेतून सुखरूप देता येते एवढेच त्यातून दिसले. मज्जा टिकली नाही आणि रुग्णही वाचले नाहीत. ल्युकेमियाच्या, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगाच्या, ज्या रुग्णांना एकसारखे जुळे भावंड होते त्यांच्यात मज्जा रुजली, पण काही महिन्यांत आजार उलटला. १९६० च्या दशकात अनेकांनी हा नाद सोडला. थॉमस मात्र कुत्र्यांवरील प्रयोगांकडे परतले. १९६३ मध्ये ते सिॲटलला गेले आणि तिथे रेनर स्टॉर्ब आदी सहकाऱ्यांसह त्यांनी ऊतींची जुळणी, किरणांची मात्रा आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मेथोट्रेक्सेट या औषधाचा वापर बसवत नेला. त्यांची पत्नी डॉटी प्रयोगशाळेपासून शोधनिबंधांच्या संपादनापर्यंत सगळ्या कामात होती. १९७७ मध्ये या गटाने शंभर रुग्णांचा अहवाल दिला. इतर सर्व उपाय थकलेले हे रुग्ण होते आणि त्यांना भावंडाची जुळणारी मज्जा दिली होती. त्यांपैकी १३ जण एक ते साडेचार वर्षांनंतरही आजारमुक्त होते. शंभरातले तेरा हा आकडा आज छोटा वाटेल. पण त्या रुग्णांपैकी एरवी कोणीच वाचले नसते. प्रत्यारोपण शेवटचा उपाय म्हणून न ठेवता पहिल्याच रेमिशनमध्ये, म्हणजे औषधांनी आजार पहिल्यांदा आटोक्यात आलेला असताना, केल्यावर यश पुष्कळ वाढले. थॉमस यांना १९९० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मूत्रपिंड प्रत्यारोपण करणाऱ्या जोसेफ मरे यांच्यासमवेत मिळाले.

इथवर समजूत अशी होती, की कर्करोग मारतात ती औषधे आणि किरणे. मज्जेचे काम रुग्णाला सावरण्याचे. ही समजूत अपुरी ठरली, आणि माझ्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत मोलाचा शोध हाच आहे. दात्याच्या मज्जेबरोबर त्याच्या टी पेशी, म्हणजे परक्या पेशींना ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, याही येतात. त्यांना रुग्णाचे शरीर परके वाटते आणि त्या त्वचा, आतडी व यकृत यांवर हल्ला चढवतात. या विकाराला ‘जीव्हीएचडी’, म्हणजे कलमाने यजमानावर उलटणे, म्हणतात. अंगावर पुरळ, लिटरच्या हिशेबात जुलाब, कावीळ. कित्येक रुग्ण ल्युकेमियातून वाचून याने दगावले. परंतु १९७९ मध्ये सिॲटलच्याच गटाने दाखवले, की ज्यांना हा विकार झाला त्यांच्यात ल्युकेमिया उलटण्याचे प्रमाण कमी होते. मग मज्जेतील टी पेशी आधीच गाळून टाकण्याचे प्रयोग झाले. विकार घटला, पण कर्करोग अधिक वेळा परतला. १९९० मध्ये म्युनिकच्या हान्स-योखेम कोल्ब यांनी प्रत्यारोपणानंतर क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया उलटलेल्या तीन रुग्णांना मूळ दात्याच्याच पांढऱ्या पेशी दिल्या आणि आजार पुन्हा आटोक्यात आला. दात्याची प्रतिकारशक्ती हेच औषध आहे, हे त्यातून पक्के झाले. औषध आणि विष एकाच पेशीत आहेत. त्यांना वेगळे कसे करायचे, याच प्रश्नाभोवती हे संशोधन आजही फिरते.

दात्याच्या पेशीच कर्करोग मारतात या शोधाचा एक मोठा फायदा वयस्कांना झाला. कर्करोग मारण्याचे काम दात्याच्या पेशी करणार असतील तर मज्जा पुरती जाळायची गरज उरत नाही. सौम्य पूर्वतयारीची प्रत्यारोपणे १९९० च्या दशकात सुरू झाली आणि साठी-सत्तरीतल्या रुग्णांनाही दार उघडले.

दाता मिळवणे हा दुसरा अवघड घाट. एचएलए नावाच्या ऊतींवरील खुणांचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून येतो, त्यामुळे सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. या खुणांचा शोध फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये लावला. नात्याबाहेरच्या दात्यांची पहिली नोंदवही १९७४ मध्ये लंडनमध्ये शर्ली नोलन यांनी आपला मुलगा अँथनी याच्यासाठी उभारली. त्याला दाता मिळाला नाही. नोंदवही मात्र आजही त्याच्या नावाने चालते. या खुणा वंशपरंपरेने उतरतात, म्हणून परदेशी नोंदवह्यांत भारतीय रुग्णाला जुळणारा दाता क्वचितच सापडतो, आणि आपल्याकडील नोंदवह्या लोकसंख्येच्या मानाने लहान आहेत. लाळेच्या नमुन्यावर नाव नोंदवता येते, हे कितीतरी सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते.

या अडचणीतून वाट काढली ती अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने. अर्धाच जुळणारा दाता, म्हणजे आई, वडील किंवा अपत्य, त्यांनी चालवून दाखवला. युक्ती वेळेची आहे. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुनेच औषध भरपूर मात्रेत द्यायचे. तोवर रुग्णाच्या शरीरावर चवताळून वेगाने वाढू लागलेल्या टी पेशींना त्याचा जबर फटका बसतो. शांत बसलेल्या मूलपेशी त्यातून सुटतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत जुळणाऱ्या दात्यांच्या प्रत्यारोपणातही हीच पद्धत सरस ठरली: गंभीर जीव्हीएचडी आणि आजार उलटणे हे दोन्ही टाळून वर्ष काढणारे रुग्ण ५२.७ टक्के होते, जुन्या पद्धतीत ३४.९ टक्के. औषध स्वस्त आहे आणि दाता घरातच मिळतो, त्यामुळे भारतासारख्या देशाला या शोधाचा उपयोग फार मोठा आहे.

भारतातील पहिले यशस्वी मज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. थॉमस यांच्याकडे सिॲटलला शिकून आलेल्या डॉ. सुरेश अडवाणी यांनी ल्युकेमिया झालेल्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९८६ मध्ये हे काम सुरू झाले. टाटा मेमोरियलचे प्रत्यारोपण केंद्र आता नवी मुंबईतील खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या तिच्याच संशोधन केंद्रात आहे.

मल्टिपल मायलोमा (मज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) आणि काही लिम्फोमा (लसिका ग्रंथींचे कर्करोग) यांत रुग्णाच्या स्वतःच्याच मूलपेशी आधी काढून, जबर केमोथेरपीनंतर परत देतात. त्यात परकेपणा नाही, म्हणून जीव्हीएचडी नाही आणि दात्याच्या पेशींचा मारही नाही.

प्रत्यारोपणाचे क्षेत्र सतत बदलत असते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हे एकेकाळी त्याचे प्रमुख कारण होते. २००१ मध्ये त्यावर इमॅटिनिब या औषधाच्या गोळ्या आल्या आणि त्यासाठीची प्रत्यारोपणे झपाट्याने घटली. रुग्णाच्याच टी पेशी प्रयोगशाळेत बदलून कर्करोगावर सोडणारी कार-टी पद्धत आता शेजारी उभी आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली.

प्रत्यारोपणानंतर आजार का उलटतो, याचे एक विलक्षण उत्तर मिलानच्या संशोधकांनी २००९ मध्ये दिले. समजा, मुलाला वडिलांच्या पेशी दिल्या. त्या पेशींना मुलाच्या अंगातील आईकडून आलेल्या एचएलए खुणा परक्या वाटतात आणि त्या ओळखून त्या ल्युकेमियावर तुटून पडतात. काही रुग्णांत कर्करोगाच्या पेशी नेमक्या त्याच खुणा टाकून देतात आणि वडिलांकडच्याच दोन प्रती बाळगतात. मग वडिलांच्या टी पेशींना त्या घरच्याच वाटतात, आणि त्यांच्या पांढऱ्या पेशी पुन्हा दिल्या तरी उपयोग होत नाही. असा आजार उलटला की डॉक्टर आधी या खुणांची तपासणी करून घेतात, आणि त्या पुसल्या गेलेल्या आढळल्या तर दुसऱ्या प्रत्यारोपणासाठी आईचा विचार करतात, कारण तिच्या टी पेशींना वडिलांकडच्या खुणा परक्या वाटतात.