टायटॅनियमच्या अंगठीला मोड नाही, मग घ्यायची कशासाठी?

जळगावच्या सराफ बाजारात दागिना हातात घेतला की भावानंतरचा प्रश्न ठरलेला: मोड किती येईल? टायटॅनियमच्या अंगठीला मोड येत नाही. हा धातू दुर्मीळ नाही. पृथ्वीच्या कवचात विपुलतेत त्याचा नववा क्रमांक लागतो आणि त्याचं खनिज असलेली काळी वाळू रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. पैसे लागतात ते खनिजातून धातू काढायला आणि लेथवर अंगठी कातायला. अडीअडचणीला मोडायचा दागिना हवा असेल तर सोनंच घ्यावं. पण बारा महिने घामात, पाण्यात, शेतात बोटात राहील अशी अंगठी हवी असेल तर टायटॅनियमला तोड नाही.

२२ कॅरेट सोन्याची ५ ग्रॅमची अंगठी त्याच मापात टायटॅनियमची केली तर जेमतेम सव्वा ग्रॅम भरते. हलकी लागते म्हणून अनेकांना ती नकली वाटते. खरी करामत तिच्या पृष्ठभागावर आहे. हवा लागताच त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा काही नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीचा थर धरतो. ओरखडा पडला तरी तिथे क्षणात नवा थर येतो. लोखंडाचा गंज पापुद्रे होऊन सुटतो, हा थर घट्ट धरून राहतो. खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की इमिटेशन अंगठीखाली खाज सुटते, लाल चट्टे उठतात. त्याचं कारण बहुतेकदा निकेल असतं, ते घामात विरघळून त्वचेत उतरतं. टायटॅनियमचा थर घामात विरघळत नाही. ‘रक्ताभिसरण सुधारतं, थकवा जातो’ असं सांगून विकली जाणारी टायटॅनियमची कडी म्हणूनच निव्वळ फसवणूक आहे. ज्या धातूतून शरीरात काही जातच नाही, तो गुण कसला देणार?

निळी-जांभळी अंगठी पाहून लोक विचारतात, रंग उडेल का? मुळात तिला रंग दिलेलाच नसतो. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून अंगठी डीसी सप्लायच्या धन टोकाला आणि स्टीलची पट्टी ऋण टोकाला जोडली की पृष्ठभागावरचा थर जाड होऊ लागतो, दर व्होल्टमागे साधारण २ नॅनोमीटर. थर वीजरोधक असल्यामुळे त्या व्होल्टेजला जेवढी जाडी शक्य तेवढी झाली की वाढ आपोआप थांबते. म्हणजे रंग ठरतो तो वेळेवर नाही, व्होल्टवर. ३० व्होल्टला थर सुमारे ६० नॅनोमीटरचा होतो. त्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग वरूनच परततो, काही थर ओलांडून धातूवरून परततो. थराचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात किती पट हळू चालतो तो आकडा, २.४च्या आसपास, म्हणून या दुसऱ्या भागाला जाऊन-येऊन सुमारे २९० नॅनोमीटर जादा चालावं लागतं. ही पिवळ्या प्रकाशाची अर्धी तरंगलांबी. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर येतो, पिवळा मरतो आणि डोळ्याला निळा दिसतो. ५५-६० व्होल्टला सोनेरी पिवळा, ७०च्या पुढे गुलाबी, १००च्या आसपास हिरवा. लालभडक मात्र कधीच मिळत नाही.

बोटाचा तेलकटपणा राहिला तर डाग पडतात. अंगठी तांब्याच्या तारेला टांगली आणि तार पाण्यात बुडाली तर वीज तांब्यातूनच जाते, अंगठी कोरीच राहते. टांगायची तारही टायटॅनियमचीच हवी. दोन रंग हवे असतील तर जास्त व्होल्टचा आधी करावा, कारण जाड झालेला थर कमी व्होल्टला बदलत नाही. ६० व्होल्टच्या वरचा झटका धोक्याचा, तिथे रबरी हातमोजे हवेतच. बाहेरच्या कडेवरचा रंग घासून जातो, तो खाचेत किंवा आतल्या बाजूला करून घ्यावा.

‘ओरखडा पडत नाही’ ही जाहिरातही खोटी. शुद्ध टायटॅनियम, म्हणजे ग्रेड २, मऊ. ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळलेलं ग्रेड ५ कठीणपणाच्या विकर्स मापावर ३५०च्या घरात. शेतातल्या धुळीतली गारगोटी त्याच मापावर हजाराच्या वर. चरे पडणारच, म्हणून चकचकीतपेक्षा मॅट फिनिश घ्यावं.

स्टीलवर मुलामा देऊनही ‘टायटॅनियम’ म्हणून विकतात. लोहचुंबकाने निवाडा होत नाही, चांगलं स्टीलही चिकटत नाही. सराफाच्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा आणि अंगठी दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. अंगठीच्या वजनाला काट्यावरच्या आकड्याने भागा: टायटॅनियमची २.७ ग्रॅमची अंगठी ०.६० दाखवते, भागाकार ४.५. स्टील ८च्या आसपास येतं.

माप संध्याकाळी, उकाड्यात घ्या, तेव्हा बोट फुगलेलं असतं. सोन्याची अंगठी कापून, झाळून लहान-मोठी होते. टायटॅनियम उघड्या हवेत तापवलं तर ६०० अंशांच्या पुढे ते ऑक्सिजन, नायट्रोजन शोषून ठिसूळ होतं. लेथवर आतून थोडं कातून मोठी करता येते, लहान नाही.

आणि बोट सुजलं तर अंगठी कापता येत नाही, बोटच कापावं लागतं, ही भीती निराधार आहे. आधी हात वर धरून साबण किंवा दोरा वापरून पाहावा. नाहीच निघाली तर ग्रेड २ हाताच्या रिंग कटरनेही कापली जाते, वेळ लागतो. जाड ग्रेड ५ला डायमंड चकती लागते. हा धातू उष्णता फारशी वाहून नेत नाही, कापाच्या जागी प्रचंड तापतो, म्हणून खाली पत्र्याची पट्टी सरकवून वरून सतत पाणी सोडावं. कापलेली अंगठी हाताने फाकत नाही. समोरासमोर दोन काप घ्यावेत.