उजेड पडला की डोळ्यातलं पोटॅशियम उतरतं

डोळ्याच्या पडद्याची म्हणजे रेटिनाची ईआरजी टेस्ट, म्हणजे उजेड पडल्यावर तिथली वीज कशी बदलते ते मोजणारी टेस्ट, ज्यांनी केलीय त्यांना आठवत असेल, वीसेक मिनिटं अंधारात बसवतात, मग केसासारखा बारीक धागा खालच्या पापणीत डोळ्याला टेकवून ठेवतात, फ्लॅश मारतात आणि स्क्रीनवरची रेघ आधी खाली जाते, मग वर उसळते. खाली जाणारी ती ए लाट, उसळणारी ती बी. यानंतर आणखी एक सी लाट येते, पण ती यायला काही सेकंद घेते म्हणून रोजच्या टेस्टमध्ये ती धरतच नाहीत. मला तीच सगळ्यात भारी वाटते, कारण ती पोटॅशियममुळे येते.

उजेडाने डोळ्यात वीज बदलते हे १८६५ मध्ये स्वीडनच्या फ्रिथियोफ होल्मग्रेनने बेडकाच्या डोळ्यावर पाहिलं होतं. पण पोटॅशियमचा संबंध कळायला शंभरेक वर्षं गेली.

आपल्याला वाटतं की उजेड पडला की डोळ्यातल्या पेशी चालू होत असतील, पण रॉड पेशींचं, म्हणजे मंद उजेडात बघायला लागणाऱ्या रेटिनातल्या पेशींचं, नेमकं उलटं असतं, त्या अंधारात जास्त चालू असतात. अंधारात त्यांच्या एका टोकातून सोडियम आत येत राहतं, दुसऱ्या भागातून पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं, आणि पेशीतला पंप ते पोटॅशियम सारखं परत आत ओढत असतो. उजेड पडला की सोडियमची दारं बंद होतात, पेशीच्या आतला ऋण भार वाढतो आणि पोटॅशियम बाहेर पडायचं कमी होतं. पंप मात्र लगेच थांबत नाही. गच्चीवरच्या टाकीत येणारं पाणी कमी झालं आणि खाली सगळे नळ चालूच राहिले तर टाकी उतरणारच ना, तसंच रॉडच्या बाहेरच्या जागेतलं पोटॅशियम लिटरमागे ५ मिलिमोलच्या आसपास असतं ते २-३ पर्यंत येतं.

इतक्या चिमुकल्या जागेत हे मोजलं कसं? काचेची नळी तापवून ओढायची, टोक साधारण एक मायक्रॉनचं, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही बारीक, टोकात फक्त पोटॅशियमला दाद देणारा द्रव भरायचा आणि ते हळूच रेटिनात उतरवायचं. १९७६ मध्ये बर्क्स ओकली आणि डॅनियल ग्रीन यांनी बेडकाच्या डोळ्यात हेच केलं, तर पोटॅशियम जसं उतरतं आणि परत चढतं तशीच सी लाट चालते असं दिसलं.

म्हणजे पोटॅशियम रॉडमुळे उतरतं, पण लाट रॉडची नाही. रेटिनाच्या मागे चिकटलेला रंगद्रव्याच्या पेशींचा एक थर असतो, बाहेरचं पोटॅशियम उतरलं की त्याच्या रॉडकडच्या बाजूचा व्होल्टेज बदलतो आणि त्यातून सी लाट उठते. म्हणूनच रेटिना त्या थरापासून सोडवून वेगळी ठेवली तर ए आणि बी दिसतात, सी गायब.

याच उताराकडे आणखी एकाचं लक्ष असतं, म्युलर पेशी, रेटिनाच्या जवळजवळ आरपार उभ्या असलेल्या. जिथे पोटॅशियम साचतं तिथून ते आत घेऊन त्या दुसऱ्या टोकाने, डोळ्यातल्या जेलीसारख्या भागात सोडतात. आता रॉडजवळ पोटॅशियम उतरलं की त्यांचाही व्होल्टेज बदलतो, पण ईआरजीवर त्यांची लाट उलट्या दिशेने दिसते, तिला स्लो पी-थ्री म्हणतात. तर आपण जी सी लाट बघतो ती या दोघांच्या ओढाताणीत उरलेली असते. बी लाटसुद्धा म्युलर पेशींचीच असं पुष्कळ वर्षं मानत होते, आता ती मुख्यतः बायपोलर पेशींची, म्हणजे रॉडचा संदेश पुढे नेणाऱ्या पेशींची, धरतात.

म्युलर पेशींच्या या ओढाताणीला पक्का पुरावा उंदरांनी दिला. म्युलर पेशींमधलं पोटॅशियमचं केआयआर ४.१ नावाचं दार ज्या उंदरांत नसतं, त्यांच्यात स्लो पी-थ्री दिसतच नाही, बी लाट टिकते आणि सी लाट नेहमीपेक्षा मोठी येते, कारण तिला खाली ओढणारं कुणी उरलेलं नसतं.