गेट्स ऑफ द आर्क्टिक राष्ट्रीय उद्यान

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अलास्का राज्यात, ब्रुक्स पर्वतरांगेच्या मध्य भागात असलेले राष्ट्रीय उद्यान. ते संपूर्णपणे उत्तर ध्रुववृत्ताच्या उत्तरेस येते. त्यात मोटारीचा रस्ता नाही, आखलेली पायवाट नाही आणि तंबूतळही नाहीत. क्षेत्रफळाचे आकडे ग्रंथागणिक बदलतात, त्याचे कारण साधे आहे : केवळ उद्यान धरले तर ते सुमारे ३०,४०० चौ. किमी. भरते आणि लगतचे राखीव क्षेत्र (प्रिझर्व्ह) मिळवले तर सुमारे ३४,३०० चौ. किमी. होते, म्हणजे गोव्याच्या नऊपटींहून अधिक. राखीव क्षेत्रात परवान्याने हौशी शिकार चालते, उद्यानात चालत नाही. व्यवहारात दोन्हींतला मुख्य फरक एवढाच. आकाराने हे अमेरिकेतील दुसऱ्या क्रमांकाचे राष्ट्रीय उद्यान आहे. पहिले रँगल–सेंट एलियास, तेही अलास्कातलेच.

नाव व त्याची व्युत्पत्ती : ‘आर्क्टिकचे दरवाजे’ हे नाव वनशास्त्रज्ञ रॉबर्ट (बॉब) मार्शल (१९०१–३९) याने दिले. कोयुकुक नदीच्या उत्तर फाट्याने वर जाताना पश्चिमेस फ्रिजिड क्रॅग्ज आणि पूर्वेस बोरियल माउंटन ही शिखरे समोरासमोर उभी दिसतात. ती पुढच्या आर्क्टिक प्रदेशाच्या दाराचे दोन खांब आहेत, अशी त्याची कल्पना होती. नामकरणाचे वर्ष बहुतेक ठिकाणी १९२९ दिलेले असते, क्वचित १९३०. मार्शल या फाट्यावर प्रथम १९२९ च्या उन्हाळ्यात गेला आणि पुढल्या वर्षी परत येऊन वाइजमन या खाणवस्तीत वर्षभराहून अधिक काळ राहिला. हे पाहता पहिले वर्ष अधिक ग्राह्य वाटते. १९३३ साली प्रसिद्ध झालेले त्याचे आर्क्टिक व्हिलेज हे पुस्तक मात्र याच वस्तीतील माणसांविषयी आहे, पर्वतांविषयी नव्हे. हा भेद अनेकदा विसरला जातो. मूळचे ‘दरवाजे’ म्हणजे केवळ ही दोन शिखरे होत. पुढे हे नाव सगळ्या प्रदेशाला लागले. येथील मूळ रहिवाशांसाठी या पर्वतांतील नद्यांची खोरी हा कशाचाही दरवाजा नव्हता, नेहमीच्या जाण्यायेण्याची वाट होती.

मार्शलच्या मोजमापांवर मात्र फार विसंबता येत नाही. डूनरॅक हे शिखर ३,००० मी. हून उंच असावे, असा त्याचा अंदाज होता. आधी त्याने त्याला, आल्प्समधील सुळकेदार मॅटरहॉर्न शिखरावरून, ‘कोयुकुकचे मॅटरहॉर्न’ म्हटले होते. डूनरॅक हे नाव त्याने स्थानिक एस्किमो भाषेतील, भूतपिशाच किंवा आत्मा या अर्थाच्या शब्दावरून घेतले. नंतरच्या मापनात त्याची उंची सुमारे २,२७० मी. ठरली. उद्यानातील सर्वोच्च शिखर पश्चिमेकडचे इगिकपाक असून त्याची उंची सुमारे २,५२० मी. आहे. अ‍ॅरिगेच शिखरसमूहाचे नाव इनुपियाक, म्हणजे उत्तर अलास्कातील एस्किमोंच्या भाषेतील, असून ‘पसरलेल्या हाताची बोटे’ असा त्याचा अर्थ सांगतात. ग्रॅनाइटचे ते सुळके पाहिले की हे नाव मार्शलच्या नावांपेक्षा नेमके वाटते.

रस्त्याचा प्रश्न : रस्ता नसणे हा येथे केवळ भूगोलाचा परिणाम नाही. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील प्रूडो बे येथे १९६८ साली तेल सापडल्यावर राज्याचे गव्हर्नर वॉल्टर हिकेल यांच्या कारकिर्दीत, १९६८–६९ च्या हिवाळ्यात, जॉन नदीच्या खोऱ्यातून व अ‍ॅनाक्टुव्हक खिंडीतून बुलडोझरने एक हिवाळी रस्ता काढण्यात आला. वरचा शेवाळ-गवताचा थर खरवडला गेल्याने खालची कायम गोठलेली जमीन उन्हाळ्यात वितळली आणि रस्त्याच्या जागी पाण्याने भरलेला चर उरला. हा अनुभव ताजा असतानाच १९७४ मध्ये तेलवाहिनीसाठी बांधलेला, पुढे डाल्टन महामार्ग म्हणून ओळखला गेलेला रस्ता उद्यानाच्या आजच्या पूर्व सीमेच्या बाहेरून, काही ठिकाणी अगदी जवळून गेला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १ डिसेंबर १९७८ रोजी हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक घोषित केला आणि २ डिसेंबर १९८० च्या अलास्का भूमिसंवर्धन कायद्याने तो राष्ट्रीय उद्यान झाला. स्थापनेची दोन वर्षे आढळतात ती यामुळे. उद्यान म्हणून १९८० हेच वर्ष धरावे.

याच कायद्यात एक अपवाद आहे. अ‍ॅम्बलर खाणक्षेत्राकडे जाण्यासाठी पश्चिमेकडील, कोबुक नदीच्या बाजूच्या राखीव क्षेत्रातून मार्ग देण्याची तरतूद त्यात आहे. सुमारे ३४० किमी. लांबीच्या या प्रस्तावित रस्त्याला संघशासनाने २०२४ मध्ये नकार दिला व २०२५ मध्ये तो निर्णय फिरवला.

लोक : या भागात मानवी वावर किमान दहा-बारा हजार वर्षांचा असावा, असे पुरातत्त्वीय अवशेषांवरून मानतात. नुनामियुत हे कॅरिबूंच्या (रेनडियरच्या जातीची रानटी हरणे) शिकारीवर जगणारे, पर्वतातील इनुपियाक लोक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस कॅरिबू कमी झाल्यावर त्यांतील बरेच किनाऱ्याकडे गेले, चौथ्या दशकाच्या अखेरीस काही कुटुंबे परतली आणि १९४९ च्या सुमारास अ‍ॅनाक्टुव्हक खिंडीत स्थिरावली. हे गाव आज उद्यानाने वेढलेले आहे. निर्वाहासाठी शिकार व मासेमारी करण्याचा स्थानिक रहिवाशांचा हक्क कायद्याने राखला आहे.

प्रवास व त्याची आखणी : प्रवेशशुल्क नाही, परवाना लागत नाही, अडचण असते ती विमानाची. नेहमीचा मार्ग म्हणजे फेअरबँक्स या अलास्कातील शहराहून छोट्या विमानाने उद्यानाजवळचे बेटल्स हे गाव आणि तेथून तळ्यावर उतरणाऱ्या भाड्याच्या विमानाने आत. नदीकाठच्या गोट्यांच्या पट्ट्यांवर रुंद चाकांची विमानेही उतरतात. भाड्याच्या विमानाचा खर्च टाळायचा तर अ‍ॅनाक्टुव्हक खिंडीपर्यंत नियमित विमानाने जाऊन किंवा डाल्टन महामार्गावरून नदी ओलांडून पायी आत शिरता येते.

आखणी उलट्या बाजूने, म्हणजे परतीच्या ठिकाणापासून करावी, हे इष्ट. वैमानिकाशी जागा व दिवस आधी ठरतो. ढग खाली आले तर विमान येत नाही, म्हणून काही दिवसांचा शिधा जास्तीचा ठेवतात. चुलीचे इंधन आणि अस्वलांवर मारायचा फवारा प्रवासी विमानातून नेता येत नाही, म्हणून ते फेअरबँक्स किंवा बेटल्स येथे घ्यावे लागतात. अन्न अस्वलरोधक डब्यात ठेवणे आवश्यक असून असे डबे उद्यानाच्या कार्यालयातून वापरण्यास मिळतात. बेटल्स, डाल्टन महामार्गावरील कोल्डफूट व अ‍ॅनाक्टुव्हक येथे निघण्यापूर्वी माहिती घेता येते व आपला बेत नोंदवता येतो. मोबाइल चालत नाही. उपग्रहाद्वारे चालणारे साधन हाच संपर्क.

अंतराचा हिशेब नकाशावर करणारे हमखास फसतात. टंड्रातील गवताचे ठोंब पाय ठेवताच कलंडतात, मधल्या फटींत पाणी असते आणि दिवसाला दहा किमी. झाले तरी ती चांगली मजल समजतात. नद्या पावसाने काही तासांत चढतात; ओढा पार करायला एखादा दिवस थांबण्याची तयारी हवी. या कारणाने अनेक जण पायी न जाता घडीच्या होड्या किंवा हवा भरायचे राफ्ट विमानात टाकून नोआटक, अलात्ना, कोबुक यांसारख्या नद्यांतून उतरतात. उद्यानातील सहा नद्यांना कायद्याने ‘वन्य नदी’चा दर्जा आहे.

हंगाम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंतचा. जूनमध्ये सूर्य मावळत नाही, पण काही तळ्यांवर बर्फ असते; जुलैत डास असह्य होतात; ऑगस्टच्या उत्तरार्धात ते ओसरतात, टंड्रा तांबडा होतो आणि रात्री पुन्हा अंधार पडू लागतो. बर्फ कोणत्याही महिन्यात पडू शकते. अलीकडे वर्षाकाठी साधारण दहा-अकरा हजार भेटींची नोंद होते. प्रवेशद्वारच नसल्याने हा आकडा अंदाजाचा समजावा. हिवाळ्यात येणारे थोडे. मार्च-एप्रिलमध्ये, उजेड वाढल्यावर, कुत्र्यांच्या स्लेजने किंवा स्कीवरून काही मोहिमा निघतात.